बनगावचे आठ आठवडे : पटकीचे औषध नातेवाइकांच्या हाती गेले तेव्हा

२४ जून १९७१ रोजी डॉ. दिलीप महालनोबिस कलकत्त्याहून बनगावला पोहोचले, तेव्हा तिथल्या सरकारी रुग्णालयात पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णांसाठी राखलेल्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. खाटा केव्हाच भरल्या होत्या. उरलेले रुग्ण जमिनीवर, जुलाब आणि वांत्यांच्या थारोळ्यात पडले होते, आणि त्यांच्यापैकी एखाद्याच्या नसेत सुई घालायची तर डॉक्टरला त्या घाणीतच गुडघे टेकून बसावे लागे. पथकात सलाईन लावण्याचे शिक्षण मिळालेली माणसे दोनच होती आणि सलाईनच्या बाटल्याही पुरेशा नव्हत्या. पुढे २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितले की, पोहोचल्यापासून ४८ तासांच्या आत आपण ही लढाई हरत आहोत हे त्यांच्या ध्यानात आले होते.

बनगाव हे पश्चिम बंगालमधील गाव पूर्व पाकिस्तानच्या सीमेला जवळजवळ खेटून, कलकत्त्याहून जेसोरला जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस पूर्व पाकिस्तानात लष्करी कारवाई सुरू झाली आणि जीव वाचवण्यासाठी लोक सीमा ओलांडू लागले. वर्ष संपेपर्यंत भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. एकट्या बनगाव परिसरातील छावण्यांत सुमारे साडेतीन लाख माणसे होती. अंगावरच्या कपड्यांनिशी दिवसचे दिवस चाललेली ही माणसे पावसाळ्याच्या तोंडावर चिखलात, ताडपत्रीखाली राहत होती. पिण्याचे पाणी आणि शौचाची जागा यांच्यात अंतर राखणे तिथे शक्यच नव्हते, आणि पटकीला पसरायला याहून अधिक काही लागत नाही.

या प्रकरणाचा अभ्यास आजही करावा असे मला वाटते, कारण इथे नवे औषध सापडले नाही. ज्या द्रावणाने बनगावात माणसे वाचली ते द्रावण डॉक्टरांना काही वर्षे आधीपासून ठाऊक होते. ते कुणी द्यायचे, कुणाच्या देखरेखीखाली द्यायचे आणि कोणत्या मापाने द्यायचे, याविषयीच्या समजुती मात्र बनगावात मोडाव्या लागल्या.

पटकीत माणूस कशाने मरतो

पटकीचे जंतू आतड्याच्या भिंतीत घुसत नाहीत आणि रक्तातही शिरत नाहीत. ते लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटून एक विष सोडतात. हे विष असते आणि तेच सारे घडवून आणते, हे १९५९ मध्ये कलकत्त्यातच डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधून केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले होते. विषामुळे अस्तराच्या पेशी क्षार आतड्यात ओतत राहतात आणि क्षारांच्या मागोमाग पाणीही जाते. तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब होतात. तीव्र आजारात धडधाकट प्रौढाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, हाताच्या बोटांची कातडी सुरकुतते, चिमटीत धरलेली पोटाची कातडी तशीच उभी राहते, लघवी बंद होते, मनगटाची नाडी लागेनाशी होते. सकाळी चालता-बोलता असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावतो. उपचार न मिळाल्यास तीव्र पटकीच्या रुग्णांपैकी निम्म्यापर्यंत रुग्ण मरू शकतात, आणि गेलेले पाणी व क्षार वेळेत भरून दिले तर हेच प्रमाण शेकडा एकाच्या खाली येते. एवढा मोठा फरक पाडणारे उपचार वैद्यकात फार थोडे आहेत.

पाणी भरून देण्याचा त्या वेळचा मान्य मार्ग म्हणजे शिरेतून सलाईन. तोंडाने पाणी पाजण्याचा विचार पूर्वीही अनेकांच्या मनात आला होता, परंतु साधे पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी पाजले तर ते आतड्यात न शोषले जाता जुलाबांवाटे निघून जाई. ही अडचण कशी दूर होते ते रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडले. आतड्याच्या पेशींवरील एक वाहक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेते आणि त्यांच्यासोबत पाणीही आत ओढले जाते. पटकीचे विष हा वाहक बिघडवत नाही. जुलाब जोरात चालू असतानाही हे दार उघडेच असते. म्हणून या द्रावणात साखर घालायची ती शक्तीसाठी नसते, चवीसाठी तर नसतेच. ती मिठाला आत नेण्यासाठी असते. याच कारणाने साखर जास्त झाली तर ती आतड्यातच राहून अंगातले पाणी उलट बाहेर खेचते आणि जुलाब वाढवते. गोड सरबत पाजून मुलाचे जुलाब का थांबत नाहीत, याचे उत्तर इथे आहे.

ठाऊक असूनही न वापरलेले

कलकत्त्यात डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच १८६ रुग्णांना ग्लुकोज व मिठाचे द्रावण तोंडाने देऊन बरे केल्याचे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. त्यांच्या रुग्णांचा आजार सौम्य ते मध्यम होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, शरीरातील द्रवाचा हिशेब मांडलेला नव्हता; त्यामुळे पाश्चात्त्य वैद्यकाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. शास्त्रीय शंका रास्त होत्या, परंतु त्या शंकांची तपासणी करण्यासाठीही पुढची पंधरा वर्षे जावीत याचे मला वाईट वाटते. १९६८ मध्ये ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी स्थानिक सहकाऱ्यांसह केलेल्या चाचणीत, तोंडाने दिलेल्या ग्लुकोज-क्षार द्रावणामुळे सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते हे सिद्ध झाले. कलकत्त्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या केंद्रातही याच दिशेने काम चालू होते, आणि महालनोबिस त्याच केंद्रात संशोधक होते.

हे सारे प्रयोग मात्र रुग्णालयाच्या शिस्तीत झालेले होते. रुग्णाला मधोमध भोक असलेल्या कॅनव्हासच्या खाटेवर निजवायचे, खाली खुणा केलेली बादली ठेवायची, ठरावीक तासांनी जुलाब मोजायचे आणि जितके गेले तितके द्रावण मोजून पाजायचे, अशी ती पद्धत. अभ्यासाला ती योग्यच होती. परंतु त्यातून असा समज रुजला की हे द्रावण प्रशिक्षित माणसाने, मोजमाप ठेवूनच द्यावयाचे असते आणि निरक्षर आईच्या हाती ते दिले तर ती घोटाळा करील. प्रयोग ज्या परिस्थितीत केला ती परिस्थिती उपचाराचीच अट होऊन बसली. औषधांच्या बाबतीत ही चूक वारंवार होते आणि ती करणारी माणसे बहुधा सावध, प्रामाणिक असतात.

निर्णय

बनगावात मोजायला माणसे नव्हती, भोकाच्या खाटा नव्हत्या, बादल्या नव्हत्या. महालनोबिस यांच्यासमोर दोन वाटा होत्या. उपलब्ध सलाईन जितक्यांना पुरेल तितक्यांना रीतसर द्यायचे आणि बाकीच्यांना मरताना पाहायचे. किंवा नियमांत न बसणाऱ्या पद्धतीने तोंडाचे द्रावण सर्वांना द्यायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. इतक्या मोठ्या प्रमाणावर ती चालेल की नाही याची खात्री त्यांना नव्हती, हे त्यांनी स्वतः नंतर सांगितले आहे.

द्रावणाची कृती त्यांनी शक्य तितकी साधी केली. एका लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. यात सोडियमचे प्रमाण लिटरला ९० मिलिमोल येते, जे पटकीच्या रुग्णाच्या गरजेला जुळते. सोडा घालण्याचे कारण असे की जुलाबांवाटे बायकार्बोनेट गेल्याने रक्त आम्लधर्मी होते आणि ते सावरावे लागते. पोटॅशियम मात्र त्यांनी वगळले. जुलाबांत पोटॅशियमही जाते, तेव्हा शास्त्राच्या काटेकोर दृष्टीने हे द्रावण अपुरे होते. परंतु उरलेले तिन्ही पदार्थ बाजारात सहज आणि स्वस्तात मिळत होते, आणि अपुरे पण आज मिळणारे द्रावण परिपूर्ण पण न मिळणाऱ्या द्रावणापेक्षा पुष्कळ चांगले होते. खर्च लिटरला सुमारे ११ पैसे आला.

कलकत्त्याच्या केंद्रातील ग्रंथालयाच्या खोलीत पुड्या भरण्याचे काम सुरू झाले. एकजण ग्लुकोज तोले, दुसरा मीठ आणि सोडा तोले, पॉलिथिनच्या पिशवीत सगळे भरून पिशवीचे तोंड गरम इस्त्रीने चिकटवले जाई. चार लिटर आणि सोळा लिटर पाण्याला पुरतील अशा दोन आकारांच्या पिशव्या होत्या. त्या गाडीने बनगावला जात, तिथे स्वच्छ पाण्याच्या पिंपात ओतल्या जात आणि पिंपाच्या तोटीतून ज्याला हवे त्याने द्रावण घ्यावे अशी व्यवस्था होती. कार्यकर्ते त्याला ‘ओरल सलाईन’ म्हणत. हे नाव मला विलक्षण शहाणपणाचे वाटते. सलाईन म्हणजे जीव वाचवणारे औषध हा विश्वास लोकांच्या मनात आधीच होता. तोच विश्वास नावाबरोबर पिंपातल्या पाण्याकडे आला.

शुद्ध हरपत चाललेल्या, नाडी न लागणाऱ्या रुग्णाला तोंडाने काही देता येत नाही. अशा रुग्णांना आधी सलाईन लावून धोक्याबाहेर काढायचे, आणि गिळता येऊ लागले की लगेच तोंडाच्या द्रावणावर आणायचे असा क्रम होता. बाकीच्यांना सुरुवातीपासूनच द्रावण. त्यामुळे दुर्मीळ सलाईन ज्यांना त्याशिवाय तरणोपाय नव्हता त्यांच्यासाठी शिल्लक राहू लागले. सारे श्रेय पिंपाला देऊन मोकळे होणाऱ्यांच्या नजरेतून हा भाग सुटतो.

पाजण्याचे काम आई, नवरा, भाऊ, शेजारच्या झोपडीतला माणूस यांनी केले. पेला भरायचा, रुग्णाच्या तोंडाला लावायचा, ओकारी झाली तर थोडे थांबून पुन्हा घोटघोट सुरू करायचे. मोजमाप रुग्णाच्या तहानेने केले. तहान आहे तोवर पाजा, एवढीच सूचना. शरीरातले पाणी घटले की तहान लागते आणि ते भरले की तहान शमते, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. बादलीवरच्या खुणा जे काम करत होत्या ते काम तहानेच्या या खुणेने पुरेशा अचूकपणे केले. दोन-तीन आठवड्यांत महालनोबिस यांच्या लक्षात आले की पद्धत लागू पडते आहे आणि अप्रशिक्षितांच्या हातात ती सुरक्षितही आहे. नातेवाइकांना आपले माणूस पुन्हा डोळे उघडताना दिसत होते, त्यामुळे आधी साशंक असलेलेही रात्रभर जागून पाजू लागले.

आकडे, आणि ते किती भार पेलतात

आठ आठवड्यांत त्या केंद्रात सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. केवळ सलाईनवर भिस्त असताना हे प्रमाण वीस ते तीस टक्के होते.

या तुलनेला मर्यादा आहेत आणि त्या लपवणे बरोबर होणार नाही. रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केलेली नव्हती. तशी विभागणी करणे त्या खोल्यांत अमानुष ठरले असते. आधीचे प्रमाण साथीच्या सर्वांत भीषण टप्प्यातले आहे. साथ ओसरू लागली की नंतर येणाऱ्या रुग्णांचा आजार सौम्य असू शकतो, लोक रुग्णालयात लवकर येऊ लागतात आणि त्यानेही मृत्यू घटतात. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत पटकीचे निदान प्रयोगशाळेत पक्के करणेही शक्य नव्हते. नुसत्या या आकड्यांवरून द्रावणाचा गुण सिद्ध करायला कुणी बसला, तर त्याला आक्षेप घेता येईल.

परंतु द्रावण गुणकारी आहे की नाही, हा बनगावचा प्रश्नच नव्हता. त्याचा निकाल १९६८ च्या नियंत्रित चाचण्यांनी लावला होता. रुग्णालयाबाहेर, चिखलात, सामान्य माणसांच्या हातून दिल्यावर त्या गुणातला किती अंश टिकतो, हा इथला प्रश्न होता, आणि त्यासाठी हा पुरावा पुरेसा आहे असे माझे मत आहे. शिकलेल्या परिचारिकेची जागा आईने घेतल्याने मोठा अनर्थ होत असता, तर ३,७०० रुग्णांत तो दिसल्यावाचून राहिला नसता. हा अनुभव १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेतील जंतुजन्य रोग विभागाचे डॉ. धीमान बरुआ बनगावला येऊन काम पाहून गेले होते आणि संघटनेत या पद्धतीचा पाठपुरावा त्यांनी पुढे नेटाने केला. द्रावण घरी कसे बनवावे याच्या सूचना तेव्हा बांगलादेशाच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरूनही दिल्या गेल्या.

लस आणि प्रतिजैविक कुठे होते

पटकीवर लस तर एकोणिसाव्या शतकापासून होती, मग ती का वापरली नाही, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. मुंबईच्या परळमधील संस्थेला ज्यांचे नाव आहे त्या वाल्डेमार हाफकिन यांनी पटकीची लस १८९२ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःला टोचून घेतली होती आणि पुढल्याच वर्षी ते ती घेऊन कलकत्त्यात आले होते. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर पटकीची लस टोचून घेतल्याच्या आठवणी जुन्या वारकऱ्यांच्या बोलण्यात येत. मात्र १९७१ पर्यंत वापरात असलेली सुईची लस सुमारे निम्म्या लोकांनाच आणि तेही जेमतेम तीन ते सहा महिने संरक्षण देई. लस घेतलेला माणूसही जंतू बाहेर टाकतच राही, त्यामुळे साथीचा प्रसार तिने थांबत नसे. शिवाय संरक्षण तयार व्हायला काही दिवस लागतात, आणि जमिनीवर पडलेल्या रुग्णाजवळ तेवढे तास नसतात. या मर्यादा ओळखूनच १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतून प्रवाशांसाठी असलेली पटकीच्या लसीच्या दाखल्याची अट काढून टाकण्यात आली.

तोंडाने घ्यायच्या नव्या लसींचे चित्र वेगळे आहे. २००६ मध्ये कोलकात्याच्या वस्त्यांत सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत अशा लसीने पाच वर्षांच्या काळात सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले; २००९ मध्ये तिला भारतात परवाना मिळाला आणि २०१३ पासून साथींसाठी तिचा जागतिक साठा ठेवला जाऊ लागला. मागणी इतकी वाढली की ऑक्टोबर २०२२ मध्ये तुटवड्यामुळे दोनऐवजी एकच मात्रा देण्याचा तात्पुरता निर्णय घ्यावा लागला. आज बनगावासारखी परिस्थिती उद्भवली, तर छावणी उभी राहताच लस द्यावी असेच मी म्हणेन. तरीही पिंप तिच्या शेजारी लागेलच, कारण ज्यांना लागण आधीच झाली आहे त्यांच्यासाठी लस नसते.

प्रतिजैविकांचेही असेच. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिन योग्य रुग्णाला दिले तर जुलाबांचे प्रमाण आणि दिवस जवळजवळ निम्म्यावर येतात, द्रावण कमी लागते, जंतू लवकर नाहीसे होतात. म्हणून तीव्र पटकीत ते द्यावे. पण त्याने पाणी भरून निघत नाही, आणि गोळी दिली म्हणून पाणी पाजायचे राहून गेले तर गोळीचा काही उपयोग नाही. सौम्य रुग्णांना आणि संपर्कातल्या सर्वांनाच सरसकट गोळ्या वाटल्या तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात १९७९ मध्येच टेट्रासायक्लिनला न जुमानणारे पटकीचे जंतू आढळले होते. आपल्याकडे होणारे बहुतेक जुलाब तर पटकीचे नसतातच. लहान मुलांत ते पुष्कळदा रोटासारख्या विषाणूंचे असतात आणि तिथे प्रतिजैविकाला काही कामच नसते. रोटा विषाणूची लस मात्र आता सरकारी लसीकरणात आहे आणि ती बाळाला वेळेवर पाजून घ्यावी.

पुढे काय झाले

जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ मध्ये अतिसार नियंत्रणाचा जागतिक कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी लॅन्सेटने ग्लुकोज आणि सोडियम एकत्र शोषले जातात हा शोध विसाव्या शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरू शकेल असे म्हटले. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० पासून दहा वर्षे घरोघर फिरल्या आणि एक कोटीहून अधिक घरांतील बायकांना त्यांनी मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ आणि अर्धा शेर पाणी यांचे द्रावण स्वतः करायला शिकवले. नंतर घरी जाऊन त्या बाईला किती आठवते ते तपासले जाई आणि त्यावर शिकवणारीचे मानधन ठरे. शिकवले किती यापेक्षा उरले किती, याला पैसे देण्याची ही रीत मला बनगावच्या पिंपाइतकीच मोलाची वाटते.

द्रावणाची कृतीही बदलत गेली. पोटॅशियम आले, सोड्याच्या जागी टिकाऊ सायट्रेट आले. पटकी नसलेल्या बालकांना ९० मिलिमोल सोडियम जास्त होते का, यावर वर्षानुवर्षे वाद चालला आणि २००२ मध्ये सोडियम ७५ वर आणून ग्लुकोजही कमी केलेली आजची कृती स्वीकारण्यात आली. एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असे तिचे प्रमाण आहे. या बदलाने मुलांत ऐनवेळी सलाईन लावण्याची पाळी सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. तिच्यासोबत जस्ताच्या (झिंकच्या) गोळ्यांची शिफारस झाली : सहा महिन्यांवरील मुलांना रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्या बाळांना १० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. १९८० च्या सुमारास जगात पाच वर्षांखालील ४६ लाख मुले दरवर्षी अतिसाराने मरत असल्याचा अंदाज होता. आज हा आकडा पाच लाखांच्या आसपास आहे. स्वच्छ पाणी, पोषण आणि लसी यांचाही त्यात वाटा आहे, परंतु द्रावणाचा वाटा फार मोठा आहे यावर दुमत नाही.

महालनोबिस यांना त्यांच्या हयातीत आपल्या देशात फार थोड्यांनी ओळखले. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

आपल्या दारात

मराठीत या द्रावणाला जलसंजीवनी असे सुंदर नाव मिळाले, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर ते गेली कित्येक वर्षे लिहिलेले आहे. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांनाच ही पुडी मिळाली आणि जस्त तर सुमारे ३० टक्क्यांनाच. जुलाबाचे मूल घेऊन दवाखान्यात आलेल्या घरच्यांची पहिली मागणी अजूनही “डॉक्टर, एक सलाईन लावा” अशीच असते. ती मागणी अडाणीपणाची आहे असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. बाटलीतले पाणी नसेतून थेंबथेंब उतरताना दिसते, त्याचे बिल होते, आणि पुडी मात्र न समजावता, औषधांच्या चिठ्ठीत शेवटी लिहून दिली जाते. ज्या उपचारावर डॉक्टर स्वतः दोन मिनिटे खर्च करत नाही, त्यावर आईने रात्र खर्च करावी अशी अपेक्षा कशी ठेवायची?

बाजाराने या गोंधळात भर घातली. ओआरएस हे जलसंजीवनीचे इंग्रजी नाव लावलेली, प्रमाणाबाहेर साखरेची पेये दुकानांतून औषध म्हणून विकली जात होती, आणि वर सांगितल्याप्रमाणे जास्त साखर जुलाब वाढवते. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास बंदी केली. पुडी विकत घेताना वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचा उल्लेख आहे का ते पाहावे.

जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीच्या पाण्यातून पटकी पसरली आणि माणसे दगावली. पटकी ही जुन्या काळातली, मरीआईच्या देवळापुरती उरलेली गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. डोंगरातल्या अशा गावांत रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतचे तासच जीवघेणे असतात, आणि त्या तासांत रुग्णाजवळ असते ती घरचीच माणसे. म्हणून आशाताई जलसंजीवनीची पुडी देते तेव्हा ती नुसती हातात ठेवून चालत नाही. घरातलेच भांडे घ्यायचे, एक लिटर म्हणजे त्या भांड्यात कुठपर्यंत ते खूण करून दाखवायचे, उकळून गार केलेले पाणी ओतायचे, संपूर्ण पुडी एकदम टाकायची, आणि ढवळण्याचा चमचा आईच्या हाती द्यायचा. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा. अंगावरचे दूध चालू. उरलेले द्रावण २४ तासांनी फेकून नवे करायचे. मूल निपचित पडले, पिईनासे झाले, शौचात रक्त दिसले किंवा लघवी झालीच नाही, तर पाजत पाजत दवाखाना गाठायचा, आणि तिथे सलाईन लागेल ते त्याच मुलाला, जसे बनगावात लागत होते.